माझे दुसरे विद्यार्थिजीवन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी गेल्या महिन्यात मला पत्र पाठवून, गुणवंत विद्यार्थ्यांस चार उपदेशपर शब्द सांगावेत, अशी सूचना केली. ती वाचून मला संकोच वाटला. आज ज्यांनी या व्यासपीठावरून पारितोषिके स्वीकारली, त्या सर्वांनी योग्य वयात आणि योग्य वेळी परीक्षा दिल्या आहेत. माझे तसे नाही. मी पदवीधर झाले तेव्हा ३१ वर्षांची होते, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली तेव्हा ३५ वर्षांची, आणि त्या दोन्ही वेळी दोन मुलांची आई होते. वेळेवर अभ्यास करण्याचा उपदेश वेळ चुकलेल्या व्यक्तीने करणे शोभत नाही. म्हणून अध्यक्षांच्या अनुज्ञेने, पुढील रांगेतील विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून, मी माझे बोलणे मागील रांगांकडे वळविते. तेथे या मुलांच्या माता बसल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींचे शिक्षण कोठे ना कोठे अर्ध्यावर राहिलेले आहे, हे मला ठाऊक आहे. मला जे सांगावयाचे आहे ते त्यांना, आणि शेवटी एक मागणे मागावयाचे आहे ते मंडळास.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातील. १९९३ साली मी बारावीची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी वैशाखात माझा विवाह झाला. परीक्षेचा निकाल मला सासरी, डोंबिवलीस कळला. उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला. परंतु त्या गुणपत्रिकेचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. ती ट्रंकेत शालूखाली गेली. पुढील वर्षी कन्या झाली, १९९९ साली पुत्र झाला. माझे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जात. दोन खोल्यांचा संसार होता, सासूबाई जवळ होत्या, आणि उणे असे काही नव्हते.

२००२ साली कारखान्यातील काम कमी झाले. आठवड्यातून तीनच दिवस हजेरी लागू लागली. तेव्हा मी घराजवळच्या एका बालवाडीत काम मागावयास गेले. तेथील मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, ‘‘शिक्षण किती?’’ मी बारावी म्हटले. त्या म्हणाल्या, ‘‘मग मदतनीस म्हणून या.’’ त्यांचे काही चुकले नव्हते. एक वर्ष मी तेथे मुलांची नाके पुसली, पाण्याची पिंपे भरली, डबे उघडून दिले. काम आटोपले की दाराशी बसून बाई काय शिकवितात ते ऐकत असे. हळूहळू माझ्या ध्यानात आले की, मूल कोठे अडले हे मला बाईंच्याही आधी कळते. मात्र ते सांगण्याचा अधिकार मला नाही. अधिकार कागदाने मिळतो आणि तो कागद माझ्यापाशी नव्हता. माझ्या दुसऱ्या विद्यार्थिजीवनाचा आरंभ त्या उंबऱ्यावर झाला, असे मी मानते.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, हे आपण जाणताच. घर सोडता न येणाऱ्यांसाठीच ते निघाले आहे. २००३ साली मी तेथे कला शाखेस नाव घातले. विद्यापीठाची पुस्तके घरी येत. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे भरत. आमच्या इमारतीत सकाळी सहा वाजता नळास पाणी येई. म्हणून चार ते सहा हा माझा अभ्यासाचा समय ठरला. पाणी आले की इतिहास मिटावयाचा आणि हंडा उचलावयाचा. अशी तीन वर्षे गेली आणि २००६ साली मी बी.ए. झाले.

बी.ए. घरी राहून करता आले, बी.एड. तसे करता येत नाही. त्यास रोज महाविद्यालयात जावे लागते, प्रत्यक्ष शाळेत पाठ घ्यावे लागतात आणि शुल्कही भरावे लागते. ते शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा मी आपल्याच मंडळाकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. उत्तर आले ते असे की, नियमानुसार अर्जदार २५ वर्षांच्या आतील व अविवाहित असावा लागतो. सबब अर्ज विचारात घेता येत नाही.

याविषयी माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता आणि आजही नाही. तो नियम ज्यांनी केला त्यांचा हेतू उत्तम होता. मुलींची लग्ने शिक्षण पुरे होण्याआधी उरकून टाकण्याची घाई होत असे. तिला आळा बसावा, विवाह केल्यास साहाय्य थांबेल या धाकाने तरी आईबापांनी थांबावे, अशी त्यामागची दृष्टी होती. परंतु जिचा विवाह होऊन गेला आहे, तिच्या बाबतीत तोच नियम दाराला आतून लावलेल्या कडीसारखा ठरतो. त्याचा परिणाम काय झाला, ते पुढे सांगते.

नकार आल्यावर तीन वर्षे मी पडदे शिवले, दिवाळीच्या फराळाची कामे घेतली, भिशी लावली. २००९ सालच्या जून महिन्यात सुमारे ३०,००० रुपये हाती घेऊन मी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहिले. आतील कारकुनांनी माझ्याकडे पाहिले आणि सौम्यपणे सांगितले, ‘‘बाई, विद्यार्थिनीला स्वतःला पाठवा. सही तिची लागते.’’ विद्यार्थिनी मीच आहे, हे त्यांना पटवावयास प्रमाणपत्रे दाखवावी लागली. वर्गातील मुली बावीस-तेवीस वर्षांच्या. पहिल्या आठवड्यात त्या मला काकू म्हणत. दिवाळीपर्यंत मी ताई झाले होते.

त्याच वर्षी माझी कन्या दहावीस होती. घरात दहावीची मुलगी असताना आईने दप्तर उचलावे, हे सासूबाईंस मुळीच रुचले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे न बोलणे घरभर ऐकू येत असे. एके रात्री मी महाराष्ट्रातील नद्यांचा तक्ता करीत बसले होते. पुठ्ठ्यावर कागद नीट बसेना. सासूबाई उठल्या, त्यांनी भाताची खळ केली, कडा बोटाने दाबून कागद बसविला आणि मग नकाशावरील नद्यांची नावे एक एक करून मोठ्याने वाचीत गेल्या. त्या चौथी शिकलेल्या होत्या. आपले गाव कोणत्या नदीवर आहे ते त्यांनी शोधून काढले. तेथे नदीची रेघ नव्हती, म्हणून मजकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या त्यांनी आपल्याकडे घेतल्या. त्याविषयी चर्चा अशी कधी झालीच नाही.

परंतु सारेच असे गोड झाले, असे म्हणणे खोटे होईल. माझा मुलगा त्या वर्षी पाचवीत होता. सहामाहीत तो गणितात नापास झाला. शिक्षकांनी त्याच्या दैनंदिनीत पालकांसाठी शेरा लिहिला होता. त्याखाली माझी सही होती. ती सही मी केलेली नव्हती. ती माझ्या कन्येने केली होती. तीन आठवड्यांनी मला ते कळले. मी तिला रागावणार तोच ती म्हणाली, ‘‘तुझे पाठ चालू होते ना, म्हणून सांगितले नाही.’’ त्या रात्री मी अभ्यास सोडून देण्याचा विचार यजमानांस बोलून दाखविला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि सकाळची पाळी मागून घेतली. जादा कामाचे पैसे त्यामुळे बुडाले. परंतु वार्षिक परीक्षेपर्यंत रोज सायंकाळी ते मुलाला गणित शिकवावयास बसले. आईचे शिक्षण एकट्या आईने पुरे होत नाही. ते घर पुरे करते, अथवा घर मोडून काढते. ज्या बंधूंच्या पत्नी पुढे शिकू इच्छितात, त्यांनी एवढे मनाशी ठरवावे की, अनुमती देणे म्हणजे साहाय्य करणे नव्हे. साहाय्यास हात लागतात.

आता अध्यापनाविषयी. मी आई असल्यामुळे शिकविणे मला उपजतच येत असणार, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच सरावपाठात गेली. आधी सूक्ष्म अध्यापन असते. त्यात पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य हाताळावयाचे असते: कधी सज्जता प्रवर्तन, कधी प्रश्न विचारणे, कधी फलकलेखन. त्यानंतर खऱ्या वर्गावर पूर्ण तासाचे पाठ. माझा पहिला पाठ आठवीच्या वर्गावर होता. विषय १८५७ चा उठाव. टाचण काटेकोर होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, सारे क्रमाने मांडलेले. वर्ग शांत होता. पाठ उत्तम झाला, असे मला वाटले. निरीक्षक प्राध्यापकांनी वहीत एकच वाक्य लिहिले: ‘‘प्रश्न आपणच विचारता आणि उत्तरही आपणच देता.’’

मला ते वाक्य झोंबले, कारण ते खरे होते. आई घरी हेच करीत असते. मूल बुटाच्या नाडीशी झगडत असते आणि रिक्षा खाली उभी असते. मग आई नाडी बांधून मोकळी होते. मूल आठवीत असते तरी आपण त्याची नाडी बांधीतच असतो. त्याच सुमारास आमच्या प्राध्यापकांनी मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेच्या कार्याची माहिती सांगितली. १९७० च्या दशकात तिने असे दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक बहुधा एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काही मोठा काळ नव्हे. परंतु वर्गासमोर उभे राहून ते मोजून पाहावेत, म्हणजे ते किती लांब असतात याचा प्रत्यय येतो. पुढील पाठास मी हात पाठीमागे बांधून मनात तीनपर्यंत आकडे मोजीत असे. घरीही तेच करू लागले. मुलाचे गणित सुधारले ते यजमानांमुळे. परंतु मी उत्तर सांगण्याचे सोडले, याचाही त्यात काही वाटा असावा.

मातृत्वाने मला जे शिकविले ते निराळे होते. मूल आळशी आहे असे म्हणण्याआधी ते रात्री जेवले का, हा प्रश्न मला आधी सुचतो. गृहपाठ न करता येणाऱ्या मुलीच्या घरी दिवे किती आणि माणसे किती, हे मला विचारावेसे वाटते. वही न आणणारे मूल कधी कधी वही संपल्याचे सांगावयास लाजत असते. या गोष्टी पाठ-टाचणात नसतात. त्या शिकावयास संसार लागतो. म्हणून वयाने वाढलेल्या विद्यार्थिनीने आपण उशिरा आलो याची लाज धरू नये. ती रिकाम्या हाताने आलेली नसते.

२०१० साली मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. माझी कन्याही त्याच उन्हाळ्यात दहावी उत्तीर्ण झाली. सासूबाईंनी दोघींस एकच पेढा अर्धा अर्धा दिला. जूनपासून मी एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागले. पुढे अनुदानित शाळेत जावे असा विचार होता. परंतु २०१२ साली, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत, शासनाने नव्या शिक्षकभरतीवर निर्बंध घातले. २०१३ साली महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा प्रथमच झाली. तीत मी अनुत्तीर्ण झाले. २०१४ साली पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. त्यानंतर २०१७ च्या डिसेंबरात भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली, तोवर मी ४२ वर्षांची झाले होते. खुल्या प्रवर्गाची शासकीय वयोमर्यादा ३८ वर्षांची होती. तो दरवाजा माझ्यासाठी बंद झाला. आमच्या संस्थेने पुढे मला कायम केले. आज माझ्या अध्यापनास पंधरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि मी समाधानी आहे. परंतु जे वेतन मला मिळू शकले असते, ते मिळाले नाही.

आता मघाचा हिशेब मांडते. २००६ साली मी पदवीधर झाले. तेव्हाच शुल्काची सोय झाली असती तर २००७ साली माझे बी.एड. पुरे झाले असते आणि २०१२ पूर्वीची पाच वर्षे माझ्या हाती राहिली असती. नोकरी मिळालीच असती, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. परंतु मिळण्याची संधी त्याच वर्षांत होती, आणि त्यांतील तीन मी पडदे शिवण्यात घालविली. तरुण विद्यार्थ्याचे एक वर्ष गेले तर ते भरून निघते. प्रौढ विद्यार्थिनीचे एक वर्ष गेले म्हणजे कधी कधी सारी वाटच बंद होते. साहाय्याची निकड पाहावयाची झाली, तर ती तिलाच अधिक आहे.

विवाहित व्यक्तीस विद्यार्थी मानावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले, तेव्हा त्यांचे पुत्र रघुनाथराव दोन वर्षांचे होते. पुढे १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे कार्य ज्याने उभे केले, तो पुरुष स्वतः गृहस्थाश्रमी विद्यार्थी होता. आपल्या आजच्या नियमाप्रमाणे त्यांचा अर्ज नामंजूर झाला असता! त्या काळी विवाहाने पुरुषाचे विद्यार्थिपण संपत नसे. स्त्रीचे मात्र बहुधा तेथेच संपत असे.

तरीही ज्या पुढे गेल्या त्यांची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेस बरोबर घेऊन इंग्लंडास गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या आणि तेथेच त्यांनी संस्कृत शिकविले. पार्वतीबाई आठवले यांना तरुणपणी वैधव्य आले, पदरी मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यास येऊन शिकल्या, कर्व्यांच्या आश्रमात अध्यापिका झाल्या आणि १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेस निधी जमविण्यासाठी अमेरिकेस गेल्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ व विवाहित स्त्रियांसाठी वर्ग चालत आणि तेथे अध्यापिकाही तयार होत. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. तात्पर्य, ही वाट जुनी आहे. मधूनमधून आपणच ती विसरतो.

आता ज्या भगिनींच्या मनात पुढे शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. दहावी अथवा बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या देता येते; त्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. पदवीसाठी मुक्त विद्यापीठ आहे. शिक्षिका व्हावयाचे असल्यास आधी कोणत्या वर्गांना शिकवावयाचे ते ठरवावे. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. त्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते; २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले आणि त्यांत वीस आठवड्यांचा शालेय अनुभव अनिवार्य आहे. घरबसल्या बी.एड. करून देऊ, अशा जाहिरातींस भुलू नये. मुक्त विद्यापीठाचे बी.एड. आधीच सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असते. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती १५० गुणांची असते आणि खुल्या प्रवर्गास साठ टक्के, म्हणजे ९० गुण मिळवावे लागतात. शेवटी, वयोमर्यादेचा नियम प्रवेश घेण्याआधी वाचावा. मी तो नंतर वाचला.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगून माझे बोलणे आटोपते घेते. पालकसभा संपल्यावर माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची आई मागे थांबली. मुलीच्या प्रगतीविषयी बोलावयाचे असेल, असे मला वाटले. सारे गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘‘बाई, मला दहावी करता येईल का?’’ ती नववीतून शाळेबाहेर पडली होती. उत्तर माझ्या ओठांवर होते; तरी मी मनात तीनपर्यंत मोजले. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, ‘‘म्हणजे, येईल. पण सुरुवात कोठून करू?’’ आम्ही दोघींनी मिळून तिचा अर्ज भरला. ती आपल्याच ज्ञातीतील आहे. या मार्चमध्ये ती दहावी उत्तीर्ण झाली. तिचे नाव आजच्या गुणगौरवाच्या यादीत नाही, कारण ती यादी सभासदांच्या पाल्यांची आहे. पुढे तिला डी.एल.एड. करावयाचे आहे. बारावी आणि त्यानंतरची पदविका मिळून तिला चार वर्षे लागतील. ती आज ३३ वर्षांची आहे. पदविका हाती येईल तेव्हा ती ३७ वर्षांची असेल. पुढचे गणित सभागृहाने स्वतःच करून पाहावे.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेविते. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांतील वयाची आणि अविवाहित असण्याची अट, ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले आहे अशा सभासद-भगिनींसाठी व बंधूंसाठीही, काढून टाकावी. मुलींच्या विवाहाची घाई होऊ नये हा मूळ हेतू राखावयाचा असल्यास, ती अट प्रथमच शिकणाऱ्यांपुरती ठेवावी. दुसरी, शिष्यवृत्ती देणे निधीस झेपत नसेल तेथे बिनव्याजी कर्ज द्यावे. नोकरी लागल्यावर ते परत करण्यास कोणीही कुचराई करणार नाही. तिसरी, मंडळाचे हे सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस दुपारी रिकामे असते. ते दोन तास अभ्यासिका म्हणून उघडावे, आणि त्या वेळेत लहान मुलांकडे पाहण्यास आमच्यापैकी निवृत्त भगिनींनी पाळीपाळीने यावे. यास पैसा लागत नाही. पहिली पाळी मी घेईन.

या कार्यासाठी वेगळा निधी काढण्याचे मंडळाने ठरविल्यास माझे एका महिन्याचे वेतन त्यात प्रथम जमा होईल, असे मी यजमानांच्या संमतीने येथे जाहीर करिते. रक्कम मोठी नाही. ज्या संधी हुकल्या त्यांच्या मानाने तर फारच लहान आहे. परंतु २००६ साली आलेले मंडळाचे ते पत्र मी अद्याप जपून ठेविले आहे. ते पुन्हा कोणास लिहावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

सासूबाई आज हयात नाहीत. त्यांनी खळीने बसविलेला तो नकाशा मात्र अजून माझ्या वर्गात टांगलेला आहे. मुले विचारतात, ‘‘बाई, ही एक नदी पुस्तकात नाही, ती येथे कशी?’’ मी उत्तर सांगत नाही. थांबते.